बाबांचं लग्न मी लावलं, आई

प्रिय आई,

सलाम.

बातमी मोठी आहे, म्हणून आधी बस. काल तुझ्या नवऱ्याचं लग्न झालं. आणि ते मी लावलं. हो, मीच! पांढरा झगा घालून, आपल्या खिदिरपूरच्या चर्चमध्ये, सगळ्या मंडळीसमोर.

हे तुला दुसऱ्या कुणाकडून कळू नये म्हणून घाईघाईने लिहितोय. आपल्या मंडळीतल्या म्हाताऱ्या बायका एकेक करून तिकडे यायला लागल्या आहेत. त्यांच्या तोंडून ऐकशील तर गोष्टीला भलतंच तिखटमीठ लागलेलं असेल. त्यापेक्षा माझ्याकडून ऐक.

हसलीस की रागावलीस? तुला जाऊन तीन वर्षं झाली, तरी तुझा चेहरा कधी कसा होईल हे मला अजून ओळखता येतं. आज मात्र ओळखता येत नाहीये.

पहिल्यापासून सांगतो.

तू गेलीस आणि बाबा गप्प झाले. तसे ते आधी तरी कुठे बोलके होते? गार्डन रीचच्या रेल्वे ऑफिसात सगळी नोकरी केली, घरी आले की पेपर. पण तेव्हा दोघांच्या वाटचं तू बोलायचीस. ताई लग्न होऊन नाशिकला. तुझ्यामागे घरात उरलो आम्ही दोघे पुरुष, समोरासमोर बसून वरणभात खाणारे. 'गॅस नोंदवलास का?' 'नोंदवला.' झालं आठवड्याचं संभाषण! या बंगाली मुलखात तुझ्याशिवाय मराठीत बोलायला कुणी नव्हतं, आणि आम्ही दोघे एकमेकांशी बोलत नव्हतो.

आणि मी? मी आपला तरुण संघात. तुला वाटायचं, तरुणांचा पाळक म्हणजे दिवसभर पवित्र शास्त्र उघडून बसलेला माणूस. आई, मी दिवसभर खुर्च्या उचलतो! शनिवारी संध्याकाळी सभा असते. निम्मी मुलं सॉल्ट लेकहून, ऑफिसची शिफ्ट संपवून डोळे चोळत येतात. कुणाचं प्रेम मोडलेलं असतं, कुणाचं घरी भांडण झालेलं असतं. एकाने परवा विचारलं, 'पास्टरदा, मुलाखतीच्या खोलीत देव आत येतो की बाहेरच बसतो?' मी गिटारची तुटलेली तार बदलत उत्तर शोधतो. कधी सापडतं. नाही सापडलं तर सगळ्यांसाठी चाउमीन मागवतो. यातून देवाचं राज्य कसं वाढतं ते त्यालाच ठाऊक, पण पुढच्या शनिवारी मुलं पुन्हा येतात, हे खरं.

तर दोन नाताळांपूर्वी आमचा ढोलकी वाजवणारा मुलगा ऐन वेळी परीक्षेत अडकला. मी बाबांना म्हटलं, "तुम्ही चला ना. तुम्ही वाजवायचात."

"शाळेत असताना," ते म्हणाले.

"मुलांना काय कळतंय!"

कसे तयार झाले कोण जाणे. लोकलने आम्ही बजबजला गेलो. तिथे नदीकडच्या वस्तीत आपल्या मंडळीतली काही घरं आहेत. प्रत्येक दारात उभं राहून नाताळची गाणी म्हणायची, केक खायचा, पुढच्या दारात जायचं. एका घरात शाळेतून निवृत्त झालेल्या एक बाई राहत होत्या, सुलेखा सरकार. नवरा जाऊन खूप वर्षं झालेली, मूलबाळ नाही. शाल घट्ट लपेटून त्यांनी आमचं अख्खं गाणं ऐकून घेतलं. मला वाटलं, डोळे भरून आले असतील.

"सूर ठीक आहे," त्या बंगालीत म्हणाल्या. "उच्चार भयंकर आहेत. आणि ढोलकी कोण वाजवतंय? बाळ जन्मलंय, वरात नाही निघाली!"

मुलं माझ्याकडे बघायला लागली. आणि बाबा हसले, आई! खो खो हसले. त्या हसण्यात तू गेल्यापासूनचं सगळं साचलेलं बाहेर पडलं. "मॅडम, हमारे यहाँ बच्चा होता है तो ऐसे ही बजाते हैं," असं म्हणून त्यांनी ढोलकीवर आणखी एक थाप मारली. त्या बाईही हसल्या. मी तेव्हा केकच्या तुकड्यात गुंग होतो. पाळकाचं लक्ष कुठे असायला हवं आणि कुठे असतं, बघ!

त्यानंतर बाबांना नदीची हवा मानवायला लागली. दर आठवड्याला बजबज. मी म्हणायचो, जाऊ दे, पाय मोकळे होतायत. आपल्या खिदिरपूरहून गंगा चालत दहा मिनिटांवर आहे, मग बजबजच्याच गंगेत असं काय आहे, हे मला सुचलंच नाही.

सुचलं ते मुलांना. पियाली म्हणून आमच्या संघातली एक मुलगी आहे, जीभ जरा सैल. एका शनिवारी मला म्हणाली, "पास्टरदा, रागावणार नसाल तर सांगते. तुमचे बाबा माझेरहाट स्टेशनवर बजबजच्या गाडीची वाट बघताना दिसले. हातात रजनीगंधा होती."

"मग?"

"केस रंगवलेत."

मागे सगळा संघ तोंड दाबून हसत होता. मीही हसलो. घरी जाईपर्यंत मात्र हसू गेलं होतं. आई, तुझ्यापासून काय लपवू? मला राग आला होता. प्रेमावर मी किती प्रवचनं दिली असतील! पण बाबांच्या खिशातला नवा कंगवा बघून मी जेवण अर्धं टाकून उठलो.

मी विचारलं नाही. तेही बोलले नाहीत. मग एका दुपारी माझ्या चर्चमधल्या खोलीच्या दारावर टकटक झाली. इस्त्रीचा शर्ट घालून बाबा उभे. घरी एका टेबलावर जेवणारा माणूस, इथे मला भेटायला आलेला!

"पाळकसाहेब, वेळ आहे का?"

जन्मात पहिल्यांदा त्यांनी मला पाळकसाहेब म्हटलं. भेटायला येणारे बसतात त्या खुर्चीत बसले.

"एका कुटुंबाची अडचण आहे," ते म्हणाले.

"कोणत्या?"

"आपल्या."

मग त्यांनी टेबलावरची माझी पेनं एका रांगेत लावली. शेवटी म्हणाले, "मला लग्न करायचंय. परवानगी मागत नाही. पण तुझं तोंड पडलेलं मला चालणार नाही."

मी एवढंच म्हणू शकलो, "आणि आई?"

"अरे, तुझी आई वाईट बायको असती," बाबा म्हणाले, "तर मी पुन्हा या वाटेला गेलो असतो का? कानाला खडा लावून बसलो असतो."

ऐकलंस? तुझ्या तोंडावर त्यांनी कधी तुझी अशी तारीफ केली होती? नाहीच केली! ती मला ऐकायला मिळाली, म्हणून तुला पोचवतोय.

पुढची गंमत ऐक. आमच्या चर्चचा नियम आहे, लग्न ठरलेल्या प्रत्येक जोडप्याने लग्नाआधीच्या वर्गाला बसायचं. आणि तो वर्ग घेतो कोण? मी. चौतीस वर्षांचा बिनलग्नाचा गडी! मोठे पाळक रेव्हरंड मंडल यांना मी म्हटलं, निदान बाबांना तरी सूट द्या. ते मिशीत हसत म्हणाले, "नियम म्हणजे नियम, सुहास."

झालं! पहिल्या बाकावर पियाली आणि तिचा होणारा नवरा, शेजारी बाबा आणि सुलेखादी. (सगळा संघ त्यांना सुलेखादीच म्हणतो, म्हणून मीही.) मी फळ्याजवळ उभा. मोबाइल वाजला तर बाबांना दटावायचं की नाही? एकदा वाजलाच. दटावलं. फार बरं वाटलं!

एका वर्गात मी नेहमीचा प्रश्न विचारला, "घरात बिनसलं की तुम्ही काय करता?" पियाली म्हणाली, मी ओरडते. तिचा नवरा म्हणाला, मी माफी मागतो. सगळे हसले. मग बाबांची पाळी आली.

ते हिंदीत बोलले, मुलांना कळावं म्हणून. "माझी पहिली बायको भांडायची नाही. तिचं बिनसलं की ती स्वयंपाकघरात मोठ्याने गायची. जितका राग, तितका वरचा सूर. आणि मी पेपर घेऊन गॅलरीत जायचो. काय झालं, असं एकदाही विचारलं नाही. गाणं संपेल, मग सगळं ठीक होईल, असं वाटायचं." मग सुलेखादींकडे वळून म्हणाले, "या वेळी मला विचारायचंय."

आई, मी लहानपणापासून समजत होतो की तू आनंदात असलीस की मोठ्याने गातेस! सुलेखादींनीच वातावरण हलकं केलं. "मला गाता येत नाही," त्या म्हणाल्या. "माझं बिनसलं की मी समोरच्याच्या व्याकरणातल्या चुका काढते. विचारायची वेळ येणार नाही."

आता ताईचं सांगायचं. तिने फोनवर मला फाडून खाल्लं. "तू त्यांचा पाळक आहेस की आईचा मुलगा?" वर म्हणाली, लग्नाला येणार नाही. मी पत्रिका पाठवली, तिने नुसता अंगठा पाठवला, आणि तोही खाली वळलेला!

मी बाबांना म्हटलं, राहू दे, निवळेल हळूहळू. बाबांनी माझ्याकडे असं पाहिलं, जणू मीच वर्गात बसलोय. गॅलरीत गेले, पण पेपर न घेता. ताईला फोन लावला. "नीता, तुला काय वाईट वाटतंय? सांग. मी ऐकतोय." मग नुसतंच ऐकत राहिले. ती रडत असावी, कारण बाबा मधून मधून म्हणत होते, "हो. हो ना बाळा. खरं आहे." आत आले तेव्हा डोळे लाल होते. "येतेय," म्हणाले.

आली, पण पहिला दिवस घुश्शातच. सुलेखादींना म्हणाली, "मी तुम्हाला आई म्हणणार नाही." मी डोळे मिटले.

"नकोच," सुलेखादी म्हणाल्या. "आयुष्यभर शाळेत दुसऱ्यांच्या मुली सांभाळल्या, दमले मी. मैत्रीण व्हायचं असेल तर सांग. साडीला पिन लावायला कुणीतरी हवंय." ताईने पिन लावली. दोनदा काढून पुन्हा लावली, निऱ्या नीट पडेपर्यंत. ताई कुणावर खरंच रागावलेली असली तर असं करते का, तूच सांग!

आणि मग काल.

संघाच्या मुलांनी चर्च झेंडूने असं भरलं होतं, की रेव्हरंड मंडल शिंकत होते. उपासना बंगालीत झाली, पण शपथ मराठीत घ्यायची असं बाबांनी ठरवलं होतं. सुलेखादींनी ती पाठ केली होती. बाबांच्या नावाचं, 'विजय'चं, त्यांनी 'बिजॉय' केलं, मंडळी हसली, त्याही हसल्या.

बाबांची पाळी आली. मी एक वाक्य म्हणायचं, त्यांनी माझ्यामागून म्हणायचं. सुखात, दुःखात. आजारपणात, आरोग्यात. आणि पुढचं वाक्य होतं, मरण आपल्याला वेगळं करीपर्यंत.

ते माझ्या तोंडून निघेना, आई. कितीतरी जोडप्यांकडून म्हणवून घेतलंय मी ते! पण काल समोर बाबा होते. तुझ्या शेवटच्या दिवसांत हॉस्पिटलमध्ये स्टुलावर बसून तुझे पाय चेपणारे. नर्सने हाकललं तर दाराबाहेर उभे राहणारे. मी पुस्तकात बघत राहिलो. अक्षरं दिसेनात.

बाबा वाट बघून थोडे पुढे झुकले. हळूच म्हणाले, "मला येतं ते." आणि माझ्याआधी, स्पष्ट, न अडखळता त्यांनी ते वाक्य म्हटलं.

तेव्हा मला कळलं. त्या चर्चमध्ये एवढी माणसं होती, पण हे वचन शेवटच्या शब्दापर्यंत पाळून दाखवलेली माणसं फार थोडी. त्यातली दोन माझ्यासमोर हातात हात घेऊन उभी होती. तुझ्या आणि बाबांमधलं काहीच मोडलं नव्हतं. ते पूर्ण झालं होतं. म्हणून तर त्यांना ते पुन्हा म्हणायचा धीर झाला! मी आशीर्वाद दिला तेव्हा माझा आवाज इतका मोठा निघाला, की माइकने किंकाळी मारली.

आज सकाळी सगळे नाश्त्याला बसलो होतो. ताई तुझ्याबद्दल काहीतरी सांगता सांगता मध्येच थांबली. आपल्या घरात तुझं नाव निघालं की तीन वर्षं असंच होतंय, सगळे आवाज खाली घेतात. सुलेखादी म्हणाल्या, "थांबलीस का? सांग ना. ती विनोदी होती का?"

बाबांनीच सुरुवात केली. तू इथे नवी नवी आलीस तेव्हा क्वार्टर्समधल्या सगळ्या पोरांना मायेने 'बाळ' म्हणून हाका मारायचीस. 'अरे बाळ, ये रे बाळ!' बंगाली बायका पदर तोंडाला लावून घरात पळायच्या. त्या शब्दाचा बंगालीत काय अर्थ होतो, ते मी पाळक असल्यामुळे लिहू शकत नाही. तुला वर्षभराने कळलं आणि तू दोन दिवस दार उघडलं नाहीस! सुलेखादी इतक्या हसल्या, की त्यांना ठसका लागला. ताई त्यांच्या पाठीवर थापट्या मारत होती आणि स्वतःच हसून लोळत होती. बाबा टेबल बडवत होते.

आई, वचन देतो. या घरात तुझं नाव यापुढे कुणी दबक्या आवाजात घेणार नाही. मोठ्याने घेऊ. हसत घेऊ. शेजाऱ्यांना ऐकू जाईल असं घेऊ.

तुझा बाळ,
सुहास