एकोणीस नंबरची नळी

८ जुलै २००२, सोमवार
आईचे डोळे काळेभोर, वडिलांचेही काळेभोर – आणि मुलाचे घारे! थेट आजोबांचे. मधली तीस वर्षे तो घारेपणा होता कुठे? घरोघरी कुणाच्या तरी बाबतीत हा प्रश्न पडलेला असतो. 'जनुकशास्त्र, नीती आणि समाज' या नव्या अभ्यासक्रमाची सुरुवात मी यानेच करणार. उत्तर सोपे आणि सुंदर आहे: गुण नाहीसा होत नाही, तो अंगात मुकाट्याने दडून पुढच्या पिढीत जातो. काही आजारांचेही तसेच. दडलेला दोष पुढे नेणारा तो वाहक. वाहक आजारी नसतो – हे वाक्य दर तासाला म्हणायचे ठरवले आहे.

१६ जुलै, मंगळवार
पहिले प्रात्यक्षिक ठरले: थॅलसेमिया या रक्ताच्या आजाराच्या वाहकांची चाळणी. बोटातून दोन थेंब रक्त, नळीत मिठाचे पातळ पाणी, मागे कागदावर काळी रेघ. अर्ध्या तासाने नळीतून रेघ स्पष्ट दिसली तर उत्तम. धूसर दिसली तर वाहक असण्याची शक्यता. शक्यताच, खात्री मोठ्या प्रयोगशाळेत. आणि दोन वाहकांचे एकमेकांशी लग्न झाले तरच मुलाला धोका. इतके साधे!

निकाल फलकावर लावणार – फक्त रोल नंबर, नावे नाहीत. वनस्पतिशास्त्राच्या नसीम मॅडम चहा घेता घेता म्हणाल्या, "वा! म्हणजे नाव ओळखायला मुलांना चांगली दोन मिनिटं लागतील." मी हसलो. आमच्याकडे सगळेच निकाल असे लागतात.

१८ जुलै, गुरुवार
आधी संमतीवर बोललो. 'नाही' म्हणण्याचा हक्क प्रत्येकाला आहे, असे सांगितले. लगेच रोल नंबर एकोणीस, आम्रपाली, उभी राहिली. "सर, मग माझं नाही." मला केवढा आनंद झाला – धडा पोहोचला! नकार देणारी ती एकटीच.

पण तिची जागा यादीत कोरी राहिली, तर नकार वर्गाबाहेर साऱ्या कॉलेजपुढे उघडा पडणार. म्हणून मुले गेल्यावर एकोणीस नंबरच्या नळीत माझे दोन थेंब सोडले. नकार झाकला गेला, यादीही पूर्ण. युक्ती बरी साधली.

अर्ध्या तासाने पाहतो – रेघ धूसर. चष्मा पुसून पाहिले. धूसरच. म्हणजे मी!

आलेला निकाल बदलणे शास्त्रात बसत नाही. जसा आला तसा लिहिला.

२२ जुलै, सोमवार
यादी लावली. एकेचाळीस नळ्या. धूसर एकच.

२४ जुलै
फलकासमोर एक मुलगी वहीत काही उतरवून घेत होती. मला पाहून वही मिटली. एवढ्या यादीतले उतरवण्यासारखे काय?

२७ जुलै, शनिवार
यादी फलकावर नाही. चारही टाचण्या जागच्या जागी, नीट टोचून ठेवलेल्या.

संध्याकाळी घरी फोन. बाईंचा आवाज, अतिशय मऊ. "अहो सर, एकोणीस नंबर म्हणजे ती येरवड्याचीच ना? तेवढंच सांगा." मी काही न बोलता फोन ठेवला. न बोलणे हेच उत्तर झाले, हे ठेवल्यावर लक्षात आले.

३० जुलै, मंगळवार
आम्रपाली वडिलांना घेऊन आली. तात्याराव, टपाल खात्यात आहेत. टोपी हातात धरून उभेच राहिले. मुलीचा साखरपुडा मोडायच्या बेतात आहे. नवऱ्या मुलाची चुलतबहीण आमच्याच वर्गात आहे.

"आम्ही सांगितलं, पोरीनं रक्तच दिलेलं नाही. तर म्हणतात, म्हणजे लपवताय! शनिवारपर्यंत थांबतो म्हणालेत. सर, एक चिठ्ठी द्या."

आम्रपालीने एवढेच विचारले, "मी दिलंच नव्हतं. मग एकोणीस कोण?"

"चौकशी करतो," म्हणालो. मी! ती नळ्यांच्या स्टँडकडे पाहत राहिली.

सौ.ला सगळे सांगितले. ती म्हणाली, "रविवारी आपल्या कल्याणीला बघायला येणार आहेत. सोमवारी सांगा हवं तर अख्ख्या पुण्याला."

२ ऑगस्ट, शुक्रवार
मोठ्या प्रयोगशाळेतून माझा अहवाल आला. वाहक. खात्रीने. कल्याणीत तो दोष उतरला असण्याची शक्यता निम्मी. बरोबर निम्मी. गेली वीस वर्षे हे गणित मी फळ्यावर हसत हसत सोडवून दाखवतो.

चिठ्ठीचे चार मसुदे केले. 'नमुन्यांच्या क्रमांकात तांत्रिक त्रुटी झाली असावी.' चारांतही 'मी' हा शब्द नाही.

३ ऑगस्ट, शनिवार
मसुदे कल्याणीच्या हाती लागले. "बाबा, वाहक आजारी नसतो, हे फक्त दुसऱ्यांच्या मुलींना सांगायचं असतं का?" सौ. काही म्हणणार, तोच, "आई, तू थांब. बाबा, लिहा सरळ. मग स्कूटर काढा."

येरवड्याला गेलो. तात्यारावांनी चिठ्ठी दोनदा वाचली. "उपकार झाले, सर. पण सकाळीच नकाराचा निरोप आला त्यांचा. ही दाखवून बघतो. एक मात्र करा – फलकावर पण लावा. तिथूनच सुरू झालं ना."

आम्रपाली आतल्या दारात उभी होती. "सर, मला नाही म्हणायचा हक्क होता ना?"

४ ऑगस्ट
पाहुणे आले. कल्याणीने स्वतःच सगळे सांगितले. "कळवतो" म्हणून उठले. येरवड्याहून निरोप नाही.

५ ऑगस्ट, सोमवार
सकाळी फलकावर लावले: 'एकोणीस नंबरच्या नळीतील रक्त माझे.' खाली पूर्ण नाव, सही. माझ्याच टाचण्या, चार.

६ ऑगस्ट
सहीखाली कुणीतरी पेन्सिलीने लिहिले आहे – 'आणि मुलगी?'

पहिले प्रात्यक्षिक खोडले. नवे लिहिले: आपल्या शाळेतल्या वर्गातला कोणताही एक रोल नंबर मनात म्हणा. चेहरा आला?