गोळीनं स्पीड कमी होतो

३ नोव्हेंबर
सकाळी ग्राउंडवर पळताना पडलो. सिद्धलिंग म्हणतो, शुद्ध गेली होती. तो आमच्या कमलनगर रनर्स क्लबचा मेंबर, मी अध्यक्ष. पोट सांभाळत माझ्या बराच मागे पळतो, त्याला काय दिसणार? कारण उघड आहे. रिकाम्या पोटी पळालो.

६ नोव्हेंबर, कलबुर्गी
बायकोनं, विजयश्रीनं, ओढत आणलं. झोपवून ईसीजी काढला. एकदम नॉर्मल. विजयश्रीकडे नुसतं बघितलं. मग ट्रेडमिलवर पळवलं. मी असा स्पीड दाखवला की डॉक्टरांनीच मशीन बंद केलं. म्हणाले, पडून असताना हार्ट ठीक आहे, पण जोरात पळालात की ठोक्यांची लय बिघडते. जीव जाऊ शकतो. रोज गोळी, एकही चुकवायची नाही, पळणं बंद. हे रक्तातून येतं, मुलीलाही तपासा. घरात कुणी अचानक गेलं का, विचारलं. नाही म्हणालो. धाकटे काका विहिरीत पोहताना गेले, पण ते पट्टीचे पोहणारे होते. तो विषय वेगळा.

१४ नोव्हेंबर
गोळी चालू. हात गार. घड्याळात पल्स वर चढतच नाही. आज नुसतं चालताना सिद्धलिंग पुढे गेला. वर म्हणाला, अण्णा, कामून मागं राहायलाव? निष्कर्ष: गोळीनं स्पीड कमी होतो. तीस तारखेला बसवकल्याणची रन आहे. निर्णय: पळायच्या दिवशी गोळी नाही, इतर दिवशी नक्की.
रोज पळतो.

२१ नोव्हेंबर
ज्योतीलाही तेच निघालं. नववीत आहे, शाळेच्या कबड्डी टीमची कॅप्टन. होती. एक संध्याकाळ रडली, मग गपचूप गोळी घ्यायला लागली. तिला शिस्तीचं महत्त्व समजावलं. फार छान बोललो. म्हणाली, अप्पा, तुम्ही घ्यायलाव ना? व्हय म्हणालो. तिच्यासमोर तोंडात टाकून दाखवली. मग मागच्या अंगणात जाऊन थुंकलो.

२९ नोव्हेंबर
घरी सांगितलं, उद्या रनचा पाहुणा म्हणून चाललोय, फक्त झेंडा दाखवायचा. विजयश्री म्हणाली, मग पळायचे बूट कामून घ्यायलाव? म्हणालो, पाहुण्यालाही पाय असतात. हजरजबाबीपणा फिटनेसमुळेच येतो.

१ डिसेंबर, कलबुर्गी, आयसीयू
रन सुरू व्हायच्या आधी, वॉर्मअपमध्येच पडलो. सिद्धलिंग छाती दाबत राहिला, अँब्युलन्सवाल्यांनी येऊन शॉक दिला. बरगडी मोडली. जरा जास्तच दाबली त्यानं.

६ डिसेंबर
घरी. ज्योतीनं आज आईला स्वतःच सांगितलं. तिनंही गोळी सोडली होती, लपून कबड्डी खेळत होती. म्हणाली, अप्पा थुंकायलेत ते खिडकीतून दिसलं. वाटलं, गोळी लागत न्हाई वाटतं.
तिला काही झालं नाही.

७ डिसेंबर
सकाळी ज्योती दोघांच्या गोळ्या आणि पाणी घेऊन आली. आधी स्वतःची घेतली, तोंड उघडून दाखवलं. म्हणाली, आता तुम्ही. घेतली. म्हणाली, जीभ उचला.
उचलली.