ओव्याची पुडी

मंगळवार, नाहूर

आज धाकट्या ईशाच्या हृदयाचं सीटी स्कॅन झालं. कापाकापी नाही, हातात एक सुई फक्त. डॉक्टर म्हणाले, "रक्तवाहिनी जन्मापासूनच चुकीच्या जागेतून निघालीये. पण वेळेत कळलं, उपाय आहे."

वेळेत!

थोरली सईसुद्धा कबड्डी खेळून आली की छातीत दुखतंय म्हणायची. मी ओवा द्यायचे. गॅस असेल, दुसरं काय असणार त्या वयात? मैदानातच कोसळली आणि गेली, त्या दिवशीही तिच्या दप्तरात ओव्याची पुडी निघाली. मीच बांधून दिलेली.

बाहेर आल्यावर ईशा म्हणाली, "आई, काहीच दुखलं नाही गं. ताईचं का नाही केलं?"

"तेव्हा असलं काही नव्हतं."

खोटं बोलले. तेव्हाही होतं सगळं. पण माझ्याकडे ओवा होता ना.