येतो म्हणालो म्हणून

३ मार्च, मंगळवार

पोचलो. पाय सुजलेत. वहीच्या पहिल्या पानावर इथला पत्ता लिहायचा होता. पत्ताच नाही!

सध्या लंबूच्या कृपेने डोक्यावर छप्पर आहे. लंबू म्हणजे टॅक्सीवाला, हिच्या ओळखीचा, आपली भाषा बोलणारा. कामगारांच्या खोलीत त्याने मला एक खाट मिळवून दिली. खाट कसली, फळी! एकावर एक तीन. मी मधला. वरचा गडी कूस बदलतो तेव्हा माझ्या तोंडावर धूळ पडते. आठ माणसं, एक संडास. "इथे बायकांना मनाई आहे हं काका," लंबू म्हणाला. म्हटलं, बायका कुठून आणू, माझी एकच आहे. हसला. पण मनाई ती मनाईच.

ही मालकिणीच्या घरात राहते. मालकिणीच्या आजारी आईला उठवणं, बसवणं, आंघोळ, औषधं – अकरा वर्षं हेच. तिथे नवऱ्याला फाटकाच्या आत प्रवेश नाही. पंधरा तारखेपासून हिला एकवीस दिवस रजा आहे. तोवर खोली शोधायची. दोघांना पुरेल एवढी. इतकंच काम.

४ मार्च

हिने फोनवर इथले बारा शब्द शिकवले. पाणी, किती, डावीकडे, खोली, नवरा-बायको वगैरे. 'येतो' हाही – कारण लंबू खालून हाक मारतो आणि मी वरून मराठीत ओरडतो, तेव्हा शेजारी घाबरतात.

आज पहिली खोली पाहिली. चष्मेवाल्या बाईंची. तळमजला, एक खिडकी, एक अरुंद खाट, मोरीत टिपकणारा नळ. तीस वर्षं नळाचं काम केलंय, कान आधी तिकडेच जातो. वॉशर गेलाय. बाई बऱ्या वाटल्या. मी दोन बोटं दाखवली – दोघं! त्या खाटेकडे बघत राहिल्या.

पण पहिलीच खोली कोण घेतो? चार ठिकाणी बघावं. हात जोडले आणि दारातून त्यांच्या भाषेत सांगितलं, "येतो." 'जातो' म्हणायचं नाही. लहानपणी एकदा म्हणालो होतो, तर आईने पाठीत धपाटा घातला होता. परक्या भाषेतही रीत पाळली! स्वतःवरच खूष होऊन परत आलो.

६ मार्च

एजंट. काचेच्या मागे, गळ्यात टाय. लंबू दुभाष्या. "सहा महिन्यांच्या आत खोली मिळणार नाही. आणि इथला जामीन लागेल." म्हटलं, बाबा रे, इथला जामीनदार असता तर त्याच्याच घरी राहिलो नसतो का? लंबूने हे भाषांतर केलं नाही.

दुसरी जागा फोटोत खोली होती, प्रत्यक्षात पडदा. पडद्यापलीकडे एक कुटुंब जेवत होतं. मला बघून त्यांनी ताटं उचलली. मीच ओशाळलो.

७ मार्च

चार जिने चढून गेलो. घरमालकाने नवरा-बायको असल्याचा पुरावा मागितला. एकतीस वर्षांपूर्वी गावात लग्न झालं, दोनशे माणसं जेवून गेली, त्यांना बोलावू? मोबाइलमध्ये लग्नाचा फोटो होता, तो दाखवला. माणसाने फोटो बघितला, मला बघितलं, परत फोटो. "ह्यात तुम्ही कुठले?"

अहो, मुंडावळ्या बांधलेला! केस होते तेव्हा!

नाहीच म्हणाला.

८ मार्च, रविवार

हिला दोन तास सुट्टी. बागेतल्या बाकावर भेटलो. किती वाळली आहे. हातांना औषधाचा वास. आल्या आल्या माझ्या बुटांकडे बघितलं – "टाच गेली की हो. एवढं चालताय कशाला? बसने जा." मी म्हटलं, बस कुठे जाते ते बसला माहीत, मला नाही.

मला एक विचारायचं आहे. लेक निघताना बजावून म्हणाली, "बाबा, ह्या वेळी आईला विचारूनच या. फोनवर ती विषय बदलते." तिच्या शिक्षणासाठी ही आली. विमानतळावर म्हणाली, "येते हं, दोन वर्षांत येते." लेकीचं शिक्षण झालं, नोकरी लागली, घरावर स्लॅब पडला. दोनाची अकरा झाली. मधे दोनदा आली तर घरभर पाहुणे, नवराबायकोला बोलायला माजघरातसुद्धा कोपरा नाही. म्हणून तर खोली हवी. विचारायचं आहे – कधी येणार? पण ते बाकावर, रस्त्यावर विचारायचं नाही. चार भिंतींत, चहा पिता पिता विचारायचं.

आज तरी हिंमत केली असती. पण वाक्य जुळवेपर्यंत ही माझ्या खांद्यावर डोकं ठेवून झोपली. बसल्या बसल्या! दोन तासांतला एक तास झोपेत गेला. माझा हात बधिर झाला. हलवला नाही.

१० मार्च

एका तरुण जोडप्याकडे. खोली छान. "स्वयंपाक करणार का?" हो. "काय काय?" लंबूने फोडणी म्हणजे काय ते समजावून सांगितलं. फारच समजावलं. तेल, मोहरी तडतडते, हिंग... बाईने नाकाला रुमाल लावला. अजून डबा उघडलाही नव्हता!

परतताना लंबूवर चिडलो. उगाचच. बिचारा माझ्यापायी भाडी सोडतोय. मग सॉरी म्हणालो. तो म्हणाला, "काका, तुम्ही चिडलात की वडिलांची आठवण येते. चिडा."

११ मार्च

जिने. फक्त जिने.

१३ मार्च, शुक्रवार

चार ठिकाणी बघावं म्हणालो होतो, नऊ झाली. नऊ ठिकाणी एकच प्रश्न – किती दिवस? एकवीस म्हटलं की तोंड पडतं. पर्यटक म्हणून हॉटेलात जा म्हणतात, भाडेकरू म्हणून सहा महिने राहा म्हणतात. नवऱ्यासारखा एकवीस दिवस राहायला जागा नाही ह्या गावात!

चष्मेवाल्या बाईंची खोली रोज आठवते. आता कुठली राहतेय ती. हातची सोडून पळत्याच्या पाठी लागलो. अक्कलशून्य माणूस.

संध्याकाळी हिचा फोन. "मिळाली का हो?" खोटं सांगितलं – "दोन-तीन बघून ठेवल्यात, तू काळजी करू नकोस." ही म्हणाली, "नाही मिळाली तर बागेतला बाक आहेच." हसत म्हणाली, पण मला रडू आलं. ह्या वयात!

१४ मार्च, शनिवार

काय लिहू!

सकाळी टाच बसवायला चांभार शोधत फिरत होतो. कुठल्या गल्लीत शिरलो ते कळलं नाही. एका दारात बाई झाडत होत्या. मला बघितलं आणि झाडू घेऊन अंगावरच आल्या! तोंडाचा पट्टा सुरू. चष्मेवाल्या बाई! त्यातला एकच शब्द मला कळत होता – 'येतो'. पुन्हा पुन्हा तोच. माझ्या छातीवर बोट टेकवून.

घाबरून हिला फोन लावला आणि बाईंच्या हातात दिला. बाई पाच मिनिटं बोलल्या. मग फोन माझ्याकडे. पलीकडे ही हसत होती, तोंडावर पदर धरून हसते तशी. किती वर्षांनी ऐकलं!

"अहो, काय सांगून आलात तिला?"

"काही नाही. 'येतो' म्हणालो. निघताना म्हणतात तसं."

"इथे 'येतो' म्हणजे येतोच! ती म्हणते, तुमचा नवरा येतो म्हणाला म्हणून दहा दिवस खोली कुणाला दिली नाही. तिघांना परत पाठवलं. शेजारणीकडून दुसरी खाट मागून आणली. आणि हा बाबा गायब! म्हणते, खोटारडा आहे का तुमचा नवरा?"

आत जाऊन बघितलं. दोन खाटा. जोडून लावलेल्या. दोन्हींवर धुतलेल्या चादरी. नळ टिपकतच होता. मी खाटेच्या कडेवर बसलो आणि उठवेना.

निघताना बाईंनी उंबऱ्यावर उभं करून शिकवणी घेतली. बोट आत – हा शब्द, 'येतो'. बोट बाहेर – हा शब्द, 'जातो'. दहा वेळा म्हणून दाखवला. मी ऐकला, पक्का पाठ झाला, पण तोंडाने बोललो नाही. अभद्र कशाला! नुसते हात जोडले. बाईंनी कपाळाला हात लावला. आता माझे शब्द तेरा झाले.

१५ मार्च, रविवार

ही आली. छोटी पिशवी घेऊन. दाराची कडी आतून लावली आणि नुसती उभी राहिली. म्हणाली, "कुणाची घंटा वाजणार नाही ना हो इथे?" मग दुपारपर्यंत झोपली. तोवर मी नळाचा वॉशर बदलला. आवाज थांबला.

२२ मार्च

आठवडा कसा गेला कळलं नाही. मी पोळ्या लाटतो, ही हसते. बाईंना फोडणीचा वास आवडतो! वाटी घेऊन येतात.

विचारलं नाही अजून.

३० मार्च

आज विचारलं. सकाळचा चहा, खिडकी उघडी. "कधी येणार आहेस तू?" एवढंच निघालं तोंडातून. इतके दिवस जुळवलेली वाक्यं कुठे गेली कोण जाणे.

ही कपाकडे बघत राहिली. म्हणाली, "त्या आजींना माझ्याशिवाय कुणाच्या हातचा घास जात नाही." मग उठून दोन्ही कप धुतले. फळीवरचे कोरडे कपसुद्धा पुसले. मग म्हणाली, "तुमचं तिकीट बघू." मोबाइलमध्ये फोटो काढून घेतला. "असू दे माझ्याकडे. तुम्ही हरवाल."

मिळालं उत्तर. लेकीला काय सांगू? हिच्यावर रागावताही येत नाही. तिकडे माझा घास अकरा वर्षं कुणाच्या हातचा होता, हे विचारायचं जिभेवर आलं होतं. गिळलं.

४ एप्रिल

खाटा वेगळ्या केल्या. बाईंची दुसरी खाट मी आणि लंबूने शेजारणीकडे पोचवली. उद्या ही कामावर. परवा माझं विमान.

५ एप्रिल, रविवार

हिला सोडायला फाटकापर्यंत गेलो. दार एका अनोळखी बाईने उघडलं, ॲप्रन बांधलेल्या. ही म्हणाली, "थांबा इथेच." आत गेली. अर्धा तास गेला. बाहेर आली तेव्हा हातात ती मोठी निळी सूटकेस, मीच घेऊन दिलेली, अकरा वर्षांपूर्वीची. डोळे लाल. मागे मालकीण, चाकाच्या खुर्चीत आजी, खुर्चीला हात लावून ती ॲप्रनवाली.

ही वाकून आजींच्या पाया पडली. मग उंबऱ्यावर एकच शब्द म्हणाली. 'येते' नव्हे. तो दुसरा.