थांबताना बोंबलणारी गाडी

चिरंजीव खिळ्यास ताईचा आशीर्वाद.

तुझा गुडघा कसा आहे? माझा आहे तसाच आहे, तेव्हा तुझ्या गुडघ्याचं रडगाणं पानभर लिहू नकोस. वहिनीला मी विचारलं म्हणून सांग. पत्र सवडीने वाच, पण फार सवड काढू नकोस, सोमवार जवळ आलाय.

सोमवारी आमच्या गाडीचं पासिंग आहे. बावीस वर्षं झाली तिला आमच्याकडे येऊन (तूच गळ्यात मारलीस, विसरले नाही मी). गेल्या आठवड्यात तिचा हॉर्न गेला. दाबला तर हूं नाही की चूं नाही. तपासणीवाला साहेब म्हणे आधी हॉर्नच दाबतो. नापास झाली तर तुझा भाचा ती भंगारात देणार, भंगारवाल्याला त्याने फोनसुद्धा करून ठेवलाय. आणि गाडी गेली की तुझे भावजी दिवसभर घरात, म्हणजे स्वयंपाकघरात, म्हणजे माझ्या डोक्यावर. कांदा कसा चिरावा ते मला ह्या वयात शिकायचं नाही.

मेकॅनिककडे न्या म्हटलं, तर ह्यांना कमीपणा. शेजारच्या मास्तरांना बोलावलं. मास्तरांनी जन्मभर पोरांना वीज शिकवली (त्यांच्या दाराची घंटा चार वर्षं बंद आहे, आम्ही कडी वाजवतो). पहिल्या दिवशी ठरलं की हॉर्नच मेला, म्हणून जुन्या बाजारातून ट्रकचा हॉर्न आणला. तोही मुका. दुसऱ्या दिवशी दोष स्टिअरिंगमध्ये निघाला. ते उपटलं, दोघांनी आळीपाळीने आत डोकावलं, परत बसवलं ते तिरकं. आता गाडी सरळ जाते आणि हे वळल्यासारखे दिसतात. तिसऱ्या दिवशी मास्तर म्हणाले, जिथे वीज येतेय तिथूनच घेऊ. वीज सापडली ब्रेकच्या दिव्याच्या वायरीत. तेव्हापासून ब्रेकवर पाय ठेवला की ट्रक बोंबलतो.

काल चढावरच्या चौकात लाल दिवा लागला. पाय काढावा तर गाडी मागे, ठेवावा तर बोंब. पुढचा स्कूटरवाला उतरून खिडकीशी आला.

"काका, एवढी कसली घाई?"

"घाई कुठे? थांबतोय मी!"

"मग गप्प थांबा की!"

मी पिशवीत तोंड घालून काहीतरी शोधत होते. पिशवी रिकामी होती.

तर शनिवारी ये. गाड्यांच्या वायरींत तुझं आयुष्य गेलंय. ह्यांना मात्र हसू नकोस. बरंच काम झालंय, थोडं पुढचं मी बघतो, असं म्हण.

तुझी ताई

ता. क. हॉर्न मेला नव्हता. त्याचा फ्यूज माझ्या बटणांच्या डब्यात आहे. मागे गाडीचा दिवा गेला तेव्हा मेकॅनिकने झाकण उघडून कुठला फ्यूज कशाचा ते माझ्यासमोर दाखवलं होतं. चौथी नापास असले तरी माझे डोळे पास आहेत. बावीस वर्षं हे फाटकाबाहेर गाडीत बसून हॉर्न मारतात आणि मी ओले हात घेऊन धावते. कुत्र्यालासुद्धा माणूस नावाने हाक मारतो. दोन दिवस अद्दल घडवून गुपचूप परत लावणार होते. मध्ये मास्तर उपटतील हे कुणाला ठाऊक? काल लावून पाहिला, काही होत नाही. मूळच्या वायरी त्यांनी कापल्यात. ह्यातलं एक अक्षर ह्यांच्या कानावर गेलं तर तुझे लहानपणचे प्रताप मी वहिनीला सांगेन.

आणखी एक. परवा हे गाडीतून उतरून दारापर्यंत आले आणि म्हणाले, "निघायचं का? की तुझं काही राहिलंय?" माझं काही राहिलं नव्हतं. तरी पाच मिनिटं लावली.

तेव्हा हॉर्न नीट कर, रस्त्यावर लागतोच. फक्त आमच्या फाटकापाशी वाजणार नाही अशी काही सोय होते का बघ. नसेल होत, तर फ्यूज कुठला ते मला पुन्हा एकदा दाखवून ठेव.