आखूड दोरा, लांब दोरा

४ सप्टेंबर
गुनवोरची गाठ काढली. डाव्या स्तनातली. जूनमध्ये आलुबुखाराएवढी होती, आज संत्र्याएवढी. सुईने काढलेल्या तुकड्यावरून काही नक्की ठरत नव्हतं — साधी गाठ की पानगाठ. (सूक्ष्मदर्शकाखाली पानांसारखी दिसते म्हणून आम्ही पानगाठ म्हणतो. फार विरळ. मी पहिल्यांदाच पाहिली.) साधी गाठ नुसती सोलून काढली तरी चालते. पानगाठीसोबत चहूबाजूंनी बोटभर निरोगी मांस काढावं लागतं, नाहीतर ती परत येते, आणि कधी कधी बिघडून येते. औषधांवर भरवसा नाही. सुरीच.

शेवटी आमची मुख्य सर्जन तूरिद, तिला शेजारच्या ऑपरेशन थिएटरमधून हाक आली. जाताना म्हणाली, "दोरे तू बांध, सुन्निवा." काढलेल्या गोळ्याची वरची बाजू कुठली, बगलेकडची कुठली, हे नंतर कुणालाच कळत नाही, म्हणून दोन दोरे — एक आखूड, एक लांब. बांधले. गाठी सुरेख बसल्या. आमच्या बेटावर शाळा नव्हती. दहा वर्षांची होईपर्यंत आईने वाचायला शिकवलं आणि बाबांनी गाठी मारायला, स्वयंपाकघरातल्या एकाच टेबलावर. तूरिदने इतकं माझ्यावर सोपवलं म्हणून दिवसभर खुशीत होते.

५ सप्टेंबर
गुनवोर बरी आहे. बस कधी चालवता येईल, एवढंच विचारते.

१३ सप्टेंबर
अहवाल आला. पानगाठच. निरुपद्रवी नाही, पुरती वाईटही नाही — मधली. आखूड दोऱ्याकडे, म्हणजे वरच्या बाजूला, गाठ थेट कडेपर्यंत पोचलेली. बाकी सगळीकडे सेंटीमीटरभर मोकळी जागा. सकाळच्या बैठकीत ठरलं: जखमेची वरची भिंत पुन्हा कापायची, २४ तारखेला. काखेतल्या ग्रंथींना हात लावायचा नाही, किरणोपचार नकोत. तीन मिनिटांत पुढचा रुग्ण.

दुपारी कँटीनमध्ये थिएटरची नर्स ऑडनी एका नव्या मुलीला शिकवत होती. "आखूड वर, लांब बगलेकडे. पाठ कर, नाहीतर तूरिद तुलाच बांधून ठेवेल."

मी ताट बाजूला सारलं. उत्तरेतल्या रुग्णालयात, जिथे मी मे महिन्यापर्यंत होते, तिथे उलटं — लांब वर, आखूड बगलेकडे. इथली रीत मला माहीत आहे. पहिल्याच दिवशी वहीत लिहून घेतली. पण त्या दिवशी माझ्या हातांनी कुठली रीत वापरली?

१४ सप्टेंबर
आठवत नाही.

१६ सप्टेंबर
गोळ्यासोबत प्रयोगशाळेत गेलेला फॉर्म काढून पाहिला. "आखूड: वर" हे छापलेलंच असतं. खाली फक्त माझी सही. सही नीट आहे.

दोरे उलटे बांधले असतील, तर ते ज्याला वर म्हणतायत ते खरं तर बगलेकडचं. २४ ला आम्ही चांगलं मांस कापू आणि गाठ बगलेकडे शिल्लक राहील. सगळे समाधानाने घरी जातील. गुनवोरसुद्धा.

१८ सप्टेंबर
बाबांना फोन केला. विचारलं, नाव नीट बांधली की नाही ते आठवत नसेल तर काय करता?
"जाऊन बघतो."
"बघता येण्यासारखं नसेल तर?"
मग म्हणाले, "कोणाची नाव आहे, पोरी?"
विषय बदलला.

२० सप्टेंबर
जिन्यात तूरिद भेटली. "काय गं, पांढरीफटक दिसतेस." सर्दी आहे म्हटलं. आई असती तर सगळा धडा पहिल्या ओळीपासून पुन्हा वाचायला लावला असता.

खरं कारण लिहून टाकते. बोलले तर तूरिद पुन्हा मला दोरे बांधू देणार नाही. इतकं क्षुल्लक.

२३ सप्टेंबर
सांगितलं. शेवटच्या दिवशी, दुपारी दोन वाजता.

"दहा दिवस," तूरिद म्हणाली. आवाज चढवला नाही. चढवला असता तर बरं झालं असतं. "उलटे बांधलेस याची खात्री आहे?"
"नाही."
"बरोबर बांधलेस याची?"
"नाही."
"मग मी याचं काय करू?"

तिने प्रयोगशाळेला फोन लावला. गोळ्याच्या चकत्या झाल्या, दोरे केव्हाच कचऱ्यात गेले. आता दोनच मार्ग: अहवालावर विश्वास ठेवून फक्त वर कापायचं, किंवा वर आणि बगलेकडे, दोन्हीकडे. बगलेकडे कापलं तर हात काही आठवडे वर जाणार नाही, स्तनाचा आकारही जाईल. "हे गुनवोरला तू सांगायचंस. मी शेजारी बसेन."

उद्यासाठी दाखल झालेली गुनवोर पलंगावर बसून ब्रेडवर तपकिरी चीज कापत होती. मी सगळं सांगितलं. कापायचं थांबवून तिने ऐकलं.

"म्हणजे वर कुठलं आणि बाजू कुठली, तुला आठवत नाही?"
"नाही."
"माझ्या बसमध्ये मी चुकीच्या फाट्याला वळले की मागून चार म्हाताऱ्या ओरडतात. इथे मी एकटीच प्रवासी, आणि तीही बेशुद्ध." मग तूरिदकडे वळून, "तुझ्या बहिणीला झालं असतं तर?"
तूरिद म्हणाली, "दोन्हीकडे."
"मग कापा." आणि मला, "तू रडू नकोस. नाहीतर मला सुरू करावं लागेल."

२४ सप्टेंबर
दोन्हीकडे कापलं. दोरे तूरिदने बांधले. बांधताना मोठ्याने म्हणाली, आखूड वर, लांब बगलेकडे. माझ्याकडे न बघता.

१ ऑक्टोबर
गुनवोर टाके दाखवायला आली. डावा हात खांद्याच्या वर जात नाही. केस विंचरून द्यायला शेजारीण येते म्हणाली. बस नाताळनंतरच. तरी बाहेर बसलेल्या बायकांना माझ्याकडे बोट दाखवून सांगत होती, "हिने स्वतःहून कबूल केलं. नाहीतर माझं काय झालं असतं कोण जाणे." तूरिदही आज प्रथमच माझ्याकडे नीट बघून बोलली. उशिरा का होईना, बोललीस, म्हणाली. ते दहा दिवस मी स्वतःला माफ करणार नाही. पण आज पोटभर जेवले.

४ ऑक्टोबर
दुसरा अहवाल. वरच्या तुकड्यात गाठीचा उरलेला भाग सापडला. आता कडा मोकळ्या. म्हणजे दोरे मी बरोबर बांधले होते. गुनवोरला फोन मीच करायचा आहे. बगलेकडचा तुकडा, एकेचाळीस ग्रॅम: निरोगी.