रखडलेला नव्वद

सोमवार, २ ऑक्टोबर
आले बाई एकदाची नेपल्सला! लॉटरीच्या दुकानात चिठ्ठ्या लिहायच्या, वरच्या खोलीत राहायचं. मालक रुजेरोकाका भला माणूस. आईला स्वतःहून पत्र टाकलंय की पोरगी सुखरूप पोचली. समोरच्या नुन्त्सियामावशीनं भरलेली वांगी पाठवली, वर दम दिला की डोंगरातल्या पोरी नुसत्या काड्या असतात, नीट जेवत जा.

दुकानात रखडलेल्या आकड्यांचा फळा आहे. सगळ्यात वर नव्वद. दीड वर्ष निघालेला नाही, म्हणजे आता निघणारच, असा यांचा हिशेब! इथे प्रत्येक आकड्याला अर्थ असतो; नव्वद म्हणजे भीती. अख्खी गल्ली त्याच्यावरच पैसे लावते. मी हसून म्हटलं, आकड्याला काय कळतंय मागच्या सोडतीत काय झालं ते? कुणीच हसलं नाही.

शनिवार, ७ ऑक्टोबर
आजच्या सोडतीतही नव्वद नाही. मावशीनं लेकीच्या लग्नाचे दागिने गहाण टाकलेत म्हणे. न्हावी चीरो मला समजावत होता की इतका रखडलेला आकडा ओढून आणावा लागतो. गल्लीत कुणाला तरी खरीखुरी भीती वाटली पाहिजे, आणि बाहेरून आलेल्याला वाटली तर फारच उत्तम. काहीतरीच यांचं!

गुरुवार, १२ ऑक्टोबर
जिन्यात मागून कुणीतरी गळा धरला. मी जिवाच्या आकांताने किंचाळले. बघते तर चीरो, आणि खाली सगळी गल्ली टाळ्या पिटतेय. मेल्याने माफी मागितली, मावशीनं कॉफी पाजली. मग सगळे रांगेनं दुकानात. नव्वद, नव्वद, नव्वद. चिठ्ठ्या मीच लिहिल्या. असा संताप आलाय!

शनिवार, १४ ऑक्टोबर
नाही निघाला. रुजेरोकाका एवढंच म्हणाले की पोरी, तू फार लवकर सावरलीस.

बुधवार
माझ्या खोलीच्या दाराची कडी कुणीतरी काढून नेली. काका म्हणाले, बघू सोडतीनंतर.
पळायला निघाले होते. बसच्या थांब्यावर चीरोनं हातातली बॅग घेतली आणि हसत हसत परत आणलं.

शुक्रवार
खिडकीतून ओरडले, घाबरलेय मी, दिसत नाही का तुम्हाला? — मावशी डोळे पुसत म्हणाली, बाळा, गेल्या खेपेलाही तू घाबरलीस असंच आम्हाला वाटलं होतं.

शनिवार, सकाळ
दुकान गच्च भरलंय. चिठ्ठ्यांच्या आडून लिहितेय.
मावशी पहिली. नव्वद, आणि आज जोडीला बासष्ट. रांगेत तिच्या मागच्याचंही तेच. चीरोचंही — नव्वद, बासष्ट — सगळ्यांचं —
आकड्यांच्या अर्थांचा तक्ता माझ्या पाठीमागे आहे. वळून पाहिलं. बासष्ट म्हणजे खून झालेला माणूस.
काकांनी दार आतून लावलं. कडी माझ्या खोलीची —
कुणी माझ्याकडे बघत नाही. मावशीसुद्धा —
काका म्हणतात, एक चिठ्ठी तुझ्याही नावानं लिही पोरी, पैसे तुझ्या आईला पोचवू.
लिहितेय. नव्वद, बास—